मोहरीएवढी गोळी

निजामी अमलात आमच्या मुरूम गावातल्या गल्लीत मूल रडत नसे. मी थापा मारतो हे जगजाहीर आहे आणि पुढंही मारणार आहे, पण ही थाप नाही. एक परगावचा बांगडीवाला आमच्या गल्लीत पहिल्यांदा आला, टोपली उतरवली, थोडा वेळ कान देऊन उभा राहिला आणि बायकांना विचारू लागला, की या गल्लीला मूलबाळ होत नाही का? बायका हसल्या आणि त्याला संगव्वाच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथं आढ्याला ओळीनं जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, आणि झोळीझोळीत एकेक लेकरू. भर दुपार होती, माश्या घोंगावत होत्या, आणि एकही पोर हूं की चूं करत नव्हतं. बांगडीवाला म्हणे बाहेर येऊन ओट्यावर मटकन बसला आणि पाणी मागू लागला. बायकांना वाटलं, बिचाऱ्याला ऊन लागलं.

ही संगव्वा आमची शेजारीण. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणे. नवरा कधीचाच वारलेला, एकुलता एक मुलगा बसप्पा सोलापूरला गिरणीत. देहानं एवढी, की ती बैलगाडीत मागच्या बाजूला बसली तर जू वर जायचं आणि बैल हवेत पाय मारायचे. आवाज असा, की तिनं ओट्यावरून कुणाला हाक मारली की ओढ्यापलीकडं चरणाऱ्या म्हशी आपल्याला बोलावलं समजून घरी यायच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि कमरेला दुसरी डबी, पितळेची. पहिल्या डबीत तिचा देव होता. दुसरीत अफू.

गल्लीतल्या बायका दिवस उगवला की खुरपायला, काढणीला, मळणीला जात. अंगावरचं पोर बांधावर ठेवावं तर मुंग्या, साप, ऊन. म्हणून ते अव्वाच्या पडवीत यायचं. अव्वा हात धुवायची. कपाळाच्या विभूतीला बोट लावायची. डबीतून नखानं चिमूटभर काढून अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात फिरवायची, आणि मोहरीएवढी गोळी करायची. मोहरीहून मोठी नाही, मोहरीहून बारीक नाही. सोनाराला तोळ्यामाशात चूक होईल, अव्वाच्या बोटांना होणार नाही, असं सगळे म्हणत. मग ती गोळी थेंबभर दुधात विरघळवायची, बोटानं पोराच्या जिभेला लावायची आणि त्या म्हशी बोलावणाऱ्या गळ्यातून इतका मऊ आवाज काढायची की कुणाला खरं वाटू नये.

"सुम्मनिरु, कूसू, सुम्मनिरु."

आमची निम्मी बोली कानडी. गप रहा, लेकरा, गप रहा, एवढाच याचा अर्थ. आणि लेकरू गप व्हायचं.

मीही त्याच गोळीचा. आई सांगायची, पहिलं वर्षभर मी कुणाकडं नीट डोळे उघडून बघितलंच नाही. माझ्या आत्यानं तर पोर आंधळं निघालं अशी पार उमरग्यापर्यंत आवई उठवली होती. पुढं शाळेत मी ज्या सहजतेनं बसल्या जागी झोपत असे ते बघून मास्तर म्हणायचे, याचं शिक्षण अव्वाकडंच पुरं झालेलं आहे, आता आम्ही काय शिकवणार.

अफूला आमच्याकडं कुणी नशा म्हणत नव्हतं हे ध्यानात घ्या. म्हातारे पाटील संध्याकाळी दुधाबरोबर वाटाण्याएवढी घेत, ती गुडघ्यांसाठी. बायका मिश्री लावत, ती दातांसाठी. शिवरात्रीला मठामागं चिलीम फिरे, तो प्रसाद. नशा म्हणजे शिंदी. शिंदी प्यायला की माणूस वाया गेला. आमच्या गल्लीत असा वाया गेलेला माणूस एकच होता, हणमा गाडीवान, आणि त्याला सुधारायचं अव्वानं मनावर घेतलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी ती मुसळ घेऊन शिंदीच्या दुकानात शिरली. मागं सगळ्या गल्लीतल्या बायका. तिनं मडकी फोडली, गाडगी फोडली, आणि शिंदी रस्त्यानं अशी वाहिली की पुढचे काही दिवस गावातल्या कोंबड्यांना सरळ चालता येत नव्हतं आणि अंडीसुद्धा वाकडी पडत होती. हणमा एका रिकाम्या रांजणात दडला. अव्वानं रांजणात तोंड घातलं आणि ती म्हणाली, "भाईर ये. नशेत तुझा पाय पडला लेकरावर तर मरंल ते. लेकरू म्हंजे फूल असतंय."

हे बोलताना हणम्याचंच थोरलं पोर तिच्या कडेवर होतं आणि तिच्या गोळीनं मान टाकून निजलेलं होतं. रांजणातून आवाज आला, "अव्वा, म्या पिऊन निजतो, त्येला तुमी पाजून निजवलंय. फरक काय व्हय?"

बायका हसून हसून वाकल्या. अव्वाही हसली. दारुड्याच्या बोलण्याला कोण कान देतं.

पुढं गावाला दवाखाना मिळाला आणि त्यात एक डॉक्टर आला, तरुण, हैदराबादेकडचा, शेरवानीतला. त्यानं पडवीतल्या झोळ्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा बांगडीवाल्यासारखाच झाला. पण हा शिकलेला, म्हणून ओट्यावर बसला नाही, उभ्या उभ्या म्हणाला, "अम्मा, बच्चों को अफीम मत दो. जहर है ये."

अव्वा म्हणाली, "जहर असतं तर तुमच्या सरकारनं दुकान कशाला काढलं असतं, सायेब?"

बाजारपेठेत परवान्याचं अफूचं दुकान होतंच, वर सरकारी पाटी होती. अव्वाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तिनं हाक मारली, आणि या वेळी म्हशी सोडून गल्लीतली झाडून सगळी पोरं आली. शेंबडी, नागडी, शाळेतली, बैलांमागची. आणि त्यात मीही, मिसरूड फुटलेला, मान खाली घालून. तिनं आम्हाला रांगेत उभं केलं आणि डॉक्टरला म्हणाली, "ही समदी माझ्या गोळीची. ह्यातलं मेलेलं एक दाखवा."

डॉक्टरनं रांगेवरून नजर फिरवली. त्याला मेलेलं एकही दिसलं नाही. गल्ली टाळ्या पिटून हसली, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

जी रांगेत नव्हती त्यांची हजेरी कुणी घेतली नाही. होती तीही. दर साली गल्लीतलं एखाददुसरं जाई. झोळीतून उचलावं तर मान लुळी. ताप, सुकी, नजर, बाहेरचं. कारणांना तोटा नव्हता. गोळीचं नाव कधी निघालं नाही. जिच्या मांडीवर ते निजलं होतं तीच अव्वा आईला कुशीत घेऊन आईपेक्षा जास्त रडायची, मग संशय कुणाचा घेणार? आणि डॉक्टरचं म्हणाल, तर त्याची बायको दुसऱ्याच आठवड्यात बुरख्याआड आपलं किरकिरं पोर घेऊन मागच्या दारानं अव्वाकडं आली. अव्वानं तिचंही मूल निजवून दिलं, आणि डॉक्टरला यातलं काही कळू दिलं नाही. मनानं मोठी बाई.

अफूचं ते दुकान मल्लय्याचं. मल्लय्या हा माणूस असा, की त्यानं स्वतःच्या आंघोळीच्या पाण्यातही थोडं पाणी मिसळलं असतं. त्याच्या अफूत गूळ असतो, काथ असतो, कोळशाची भुकटी असते असं लोक चेष्टेनं बोलत. मुंगळे दुकानात शिरताना रांगेत शिरत आणि निघताना नाचत निघत. मल्लय्या मात्र गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगे, माल चोख आहे. अव्वा त्याला भर बाजारात लुटारू म्हणायची आणि त्याच्याकडूनच घ्यायची, कारण दुसरं दुकान नव्हतं. भेसळ म्हणजे लबाडी, एवढंच तिला आणि आम्हाला ठाऊक होतं.

मग बसप्पाची बायको बाळंतपणात गेली आणि तिची मुलगी अव्वाच्या पदरात आली. गंगी. हणम्याची बायको आपल्या धाकट्याबरोबर तिला अंगावर पाजायची. हणम्याला शिव्या देणाऱ्या अव्वानं त्याच्या बायकोचे पाय धुवायचे तेवढे बाकी ठेवले होते. आणि या पोरीनं काय करावं, तर रडावं. अख्ख्या गल्लीत रडणारं पोर एकच, आणि तेही अव्वाच्या घरातलं. गळा तर असा, की अर्ध्या गावातल्या झोपा उडाव्यात. अव्वा इतर लेकरांना सकाळीच गोळी द्यायची. गंगीला मात्र आज नको, उद्या देऊ, असं करत राहायची. तिला कडेवर घेऊन ओट्यावर फिरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "आवाज बघ की. माझ्यावर गेलीया."

मी अव्वाला आयुष्यात अनेकदा मोठ्यानं हसताना पाहिलं. पण ते पोर बोंबलत असताना तिच्या तोंडावर जे असायचं ते हसू नव्हतं, दुसरंच काही होतं, त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

त्यानंतरची धामधूम आमच्या वयाच्या कुणाला सांगायला नको. सरहद्दीवर नाकेबंदी. मीठ नाही, रॉकेल नाही, कापड नाही. मल्लय्याचं दुकानही बंद पडलं. गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या, आणि आमच्यातली पैसेवाली घरं सोलापूरकडं निघून गेली. राहिलो आम्ही. त्या गडबडीत बसप्पा एकदा शेताशेतांतून, नाके चुकवत, पोरीला बघायला आला. तिच्यासाठी लाल झबलं आणलं, आणि आईसाठी कागदाची एक पुडी. सोलापुरात मिळालेली, माळव्याकडची चोख अफू. मल्लय्याच्या गुळाला आई कंटाळली आहे हे त्याला माहीत होतं. अव्वानं पुडी हुंगली, आम्हाला सगळ्यांना हुंगायला दिली, आणि चांगलं तूप सणासाठी झाकून ठेवावं तशी कनवटीला खोचून ठेवली. पडवीतल्या पोरांना ती डबीतल्या जुन्यातलंच देत राहिली. चांगला माल गंगीला लागेल तेव्हा.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, उन्हं कलत असताना, रस्त्याला धूळ दिसली. टोळी येतीय म्हणून कुणीतरी ओरडत गल्लीतून गेलं. आम्ही होतो तसे निघालो आणि ओढ्यापलीकडच्या ज्वारीत शिरलो. ज्वारी पोटऱ्यात आलेली, माणूस उभा राहिला तरी दिसू नये अशी. बायका, म्हातारी, आम्ही, आणि मागून हणमा, जो तसल्या वेळीही पिऊन होता आणि सरीत आडवा होऊन पडला.

इथं मला काही वाढवून सांगता येणार नाही.

अव्वा मधोमध बसली. बायकांनी आपापली तान्ही तिच्याकडं दिली. तिनं डबी उघडली. आत तळाला जुन्यातलं थोडंच राहिलं होतं. हात धुवायला पाणी नव्हतं; तिनं ते ज्वारीच्या पानावर पुसले, विभूतीला बोट लावलं आणि एकेकाची गोळी केली. एकेक पोर निजत गेलं. डबी रिकामी झाली. आणि तेव्हा गंगी रडायला लागली.

टोळी ओढ्यावर आली होती. घोडी पाणी पीत होती. माणसांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं, म्हणजे आमचंही त्यांना ऐकू गेलं असतं. अव्वानं गंगीच्या तोंडावर पदर धरला, तर ती आणखी उसळली. सगळ्यांनी अव्वाकडं पाहिलं. शेवटी माझ्या आईनं तिच्या खांद्याला हात लावला आणि अगदी हळू म्हणाली, "अव्वा, लेकराला गप करा."

अव्वानं कनवटीची पुडी काढली. चिमूट घेतली. अंगठा आणि बोट फिरवलं. मोहरीएवढी. मोहरीहून मोठी नाही.

"सुम्मनिरु," ती म्हणाली, नुसत्या ओठांनी.

गंगी निजली. घोडी पाणी पिऊन गेली. टोळी गावात शिरली, दोनचार घरं फोडली, मल्लय्याच्या कडब्याच्या गंजीला आग लावली आणि निघून गेली. ज्वारीकडं कुणी फिरकलं नाही. दिवे लागायच्या सुमाराला आम्ही परत आलो तेव्हा बायका अव्वाचे पाय धरत होत्या. तुमच्यामुळं वाचलो, म्हणत होत्या. अव्वा पडवीत बसली आणि तिनं हणम्याच्या बायकोला हाक मारली, पोरीला पाज म्हणून. हणम्याची बायको आली. तिनं गंगीला उचलून छातीशी घेतलं आणि तशीच उभी राहिली. मग तिनं पोर अव्वाच्या मांडीवर परत ठेवलं आणि खाली बसली.

आमच्यात पुरतात. लाल झबल्यासकट पुरली.

दोनचार दिवस गल्ली म्हणत होती, पोरीनं आपला जीव दिला आणि आपल्याला राखलं. मग म्हणू लागली, भेदरली. पण यानं कुणाचं भागेना; कुणीतरी माणूस हवा होता, आणि माणूस तयारच होता. हणमा ज्वारीत गंगीच्या शेजारीच पडला होता, शिंदीचा भपकारा मारत. तान्ह्या पोरीच्या नाकात तो वास गेला, तिला सोसला नाही, झालं. हे एकदा कुणीतरी बोललं आणि सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. हणम्याला पाणवठ्यावर येऊ देईनात. ज्याच्या बायकोच्या दुधावर ती पोर वाढली, त्याच्या वासानं ती मेली, यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. आणि हे बोलून झाल्यावर बायका आपापली पोरं घेऊन अव्वाच्या ओट्यावर आल्या, कारण मूग काढणीला आला होता.

अव्वानं दार उघडलं नाही. आत ती पुडी समोर घेऊन बसली होती. माझ्या आईनं मागच्या दारानं जाऊन पाहिलं. अव्वानं पुडीतलं बोटाला लागेल एवढं घेऊन जिभेवर ठेवलं होतं, आणि रिकाम्या डबीचा तळ चाटून पाहिला होता. आधी डबीकडं, मग पुडीकडं बोट करून ती आईला म्हणाली, "ही गोड हाय. ही कडू." पुन्हा पुन्हा तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ती बाजारपेठेत निघाली. अंगात त्राण नव्हतं म्हणून आईनं मला बरोबर धाडलं. मल्लय्या आपल्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. अव्वाला बघून तो उठला. त्याला वाटलं, आता शिव्या. अव्वानं त्याला विचारलं, तुझ्या मालात काय असायचं ते सांग. मल्लय्यानं सवयीनं लिंगावर हात ठेवला आणि चोख म्हणाला. अव्वानं पुन्हा विचारलं. तो पुन्हा चोख म्हणाला.

"मल्लय्या, तू भेसळ करत हुतास म्हण," ती म्हणाली. "तुझ्या पाया पडते, पण खरं सांग."

मल्लय्यानं इकडंतिकडं पाहिलं. त्याचा हात लिंगावरून खाली आला. "अव्वा, अफू नावाला असायची. बाकी गूळ आन् काथ."

मला वाटलं, आता ही त्याला पायरीवरून खाली ओढणार. अव्वा ते अवाढव्य शरीर घेऊन हळूहळू वाकली आणि तिनं खरोखर त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मल्लय्या भिंतीला टेकला, पांढराफटक. ती म्हणाली, "तुझ्या लबाडीनं लेकरं जगली रं."

माझं निम्मं वय झाल्यावर मला त्याचा हिशोब लागला. मी, रांगेतली ती सगळी पोरं, डॉक्टरचं बाळ, आम्हाला सांभाळलं ते अव्वाच्या बोटांनी नाही, मल्लय्याच्या गुळानं. आणि एखाद्या साली त्याचा गूळ संपला असेल, किंवा त्याला चुकून चोख माल मिळाला असेल, त्या साली पडवीतली एखादी झोळी रिकामी झाली असेल. मोहरी तेवढीच होती. आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

फौज आली, निजामी संपली, रस्ते मोकळे झाले आणि बसप्पा आला. गल्लीनं त्याला वेशीतच गाठून हणम्याची गोष्ट सांगितली. तो घरी न येता तसाच गाडीच्या जुवातलं शिवळ, हातभर दांडकं, उपसून हणम्याच्या दारात गेला. हणमा बाहेर आला. या वेळी तो दडला नाही. मला वाटतं एव्हाना त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. आणि मधे अव्वा येऊन उभी राहिली.

"त्येला कशाला मारतोस? म्या मारली," ती म्हणाली. "समद्यांच्या लेकरांला जुनी दिली, माझ्या लेकराला चांगली दिली."

चांगली कुणी आणली ते ती बोलली नाही. आजूबाजूच्यांना काही कळलं नाही. बसप्पाला कळलं. त्याच्या हातातलं शिवळ खाली पडलं, आणि तो हणम्याच्याच ओट्यावर बसला आणि किती तरी वेळ आपल्या तळहातांकडं बघत राहिला. लोक एकमेकांना म्हणाले, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. बसप्पा संध्याकाळी सोलापूरला परत गेला.

परिणाम झालाच होता म्हणायचं. अव्वानं आढ्याच्या झोळ्या सोडून टाकल्या. आणि ती घराघरांत जाऊ लागली. कुठंही तान्हं निजलेलं दिसलं की त्याच्याजवळ बसायची, नाकाशी हात धरायची, तळपाय चोळायची, आणि नाहीच हललं तर टाच चिमटायची.

"अळू, कूसू, अळू."

रड, लेकरा, रड. पोर बोंबलून उठायचं. अव्वा ते रडणं नीट ऐकायची, मान हलवायची आणि पुढच्या घरी जायची. आमची गल्ली, जिथं निजामी अमलात मूल रडत नव्हतं, ती आता दिवसभर अशी रडू लागली की वाटसरू दुसऱ्या रस्त्यानं जायचे. बायकांना काम सुचेना. त्यांनी आधी समजावलं, मग ओरडल्या, मग दारं लावून घेऊ लागल्या. ती अफू घालत होती तेव्हा तिचे पाय धरत होत्या. आता तिला चेटकीण म्हणू लागल्या. तिची सावली पडली की पोरं दचकतात म्हणे. तिनं गोळीबद्दल सांगायचा प्रयत्न केला. ज्या बाईला तिनं सांगितलं तिनं मधेच थांबवून विचारलं, मग शेतात कुणी जायचं? मल्लय्याच्या दुकानावरची पाटी बदलली होती. आतला माल तोच होता. आणि पलीकडच्या गल्लीत मोहरीएवढी गोळी करणारी दुसरी एक आजी निघाली.

शेवटी गावानं बसप्पाला निरोप धाडला, तुझ्या आईला घेऊन जा. तो आला. सडकेवरच्या मोटारीपर्यंत तिला सोडायला गावातली एकही गाडी मिळेना, तेव्हा हणम्यानं आपली जुंपली. अव्वा मागं बसली. जू वर गेलं नाही. ती इतकी वाळली होती, की बैलांना कुणी बसलंय हे कळलंही नसावं. मी कितीही थापाड्या असलो तरी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गाडी आमच्या दारावरून चालली होती. माझी थोरली तेव्हा नुकतीच कूस बदलायला लागली होती. अव्वानं हणम्याला थांब म्हटलं, उतरली आणि सरळ आत आली. माझी बायको गावात नवी. ती घाबरून माझ्याकडं बघू लागली. पोर पाळण्यात निजलं होतं. अव्वानं तळपाय चोळले. पोर हललं नाही. तिनं टाच चिमटली. नाही हललं. तिनं पुन्हा चिमटली, जोरानं, नख लावून, आणि बाहेर बसप्पा हाका मारत होता आणि अव्वाच्या कपाळावर घाम आला होता आणि ती म्हणत होती, अळू, अळू, अळू. मी आईकडं पाहिलं. आईनं नजर खाली घातली.

मग पोर रडलं. आधी बारीक, मग फुप्फुसं फाडून.

अव्वा पाळण्याच्या कठड्याला धरून ऐकत राहिली. डोळे मिटून. मग बाहेर गेली आणि गाडीत चढली. हणम्यानं बैलांना चाबूक लावला नाही. कासरा इतका ढिला सोडला की बैल मुंगीच्या पावलानं चालले. माझी बायको पोराला उगी करायला पाळण्याकडं धावली, तर मी तिचा हात धरला. वळणापर्यंत अव्वा आमच्या दाराकडं तोंड करून बसली होती, कानामागं तळवा धरून.